दंडाच्या आतला रंग

मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गालावरचे डाग दाखवायला गेले होते; त्यांनी मात्र आधी मला बाही वर सारून हात डोक्यापर्यंत उचलायला सांगितला. काखेच्या थोडे खाली, दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा त्यांनी भिंगातून पाहिली, मग तेच भिंग गालाच्या उंचवट्यावर धरले आणि शेवटी आरसा माझ्या हाती देऊन दोन्ही ठिकाणे मलाच पाहायला लावली. दंडाची आतली बाजू गव्हाळ आणि एकसारखी होती, चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसत होती. गाल तपकिरी-राखाडी होता, हाताला जाडसर लागत होता, त्यावर मधूनमधून गडद ठिपके होते आणि लालसर, केसासारख्या बारीक शिरा पसरलेल्या होत्या. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांच्या तळाशी तेवढी मूळ रंगाची रेघ शिल्लक होती, कारण उन्हात डोळे बारीक केले की त्या घड्यांच्या आत ऊन पोहोचत नसे.

"काकू, दोन्हीकडची त्वचा चोपन्न वर्षांचीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दंडावर दिसतंय ते तुमचं वय. गालावर त्याहून जे जास्त दिसतंय, ते ऊन." आणि मग त्यांनी जे सांगितले ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले: "हा दंडाच्या आतला रंग तुमचा आहे. आपल्याला जायचंय ते फार तर इथपर्यंत. त्याच्या पुढे जायचं असेल, तर मी तुमच्या उपयोगाची नाही."

मी पुण्यातल्या एका शाळेत २६ वर्षे क्रीडाशिक्षिका होते. मुरमाचे मोठे मैदान, एका कडेला पर्जन्यवृक्षांची रांग आणि मधला सगळा भाग उघडा. सकाळी सातला सुरू झालेला दिवस दुपारच्या तासांपर्यंत मैदानावरच जाई. जिल्हा स्पर्धांच्या दिवसांत तर संध्याकाळपर्यंत. डोक्यावर टोपी क्वचितच असे, कारण शिट्टी वाजवत धावताना ती सारखी पडे, आणि चेहऱ्याला काही लावणे हे नटणे आहे, असे माझ्यासकट आमच्या सगळ्या शिक्षकवर्गाला वाटे. निवृत्तीनंतर पहिल्यांदा चेहऱ्याकडे निवांत बघितले, तेव्हा गळ्यात शिट्टीची दोरी जिथे असे, तिथली फिकट रेघही दिसली.

पुण्याच्या उन्हाबद्दल आपली समजूत फार भाबडी आहे असे मला आता वाटते. पुण्याच्या हवेचे कौतुक ऐकत आपण मोठे होतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आहे, संध्याकाळी वारा सुटतो, मुंबईसारखा घाम येत नाही. त्यामुळे ऊन अंगाला बोचत नाही तोवर ते निरुपद्रवी आहे असे आपण धरून चालतो. मराठीत उन्हासाठी किती शब्द आहेत: कोवळे, तिरपे, टळटळीत, रणरणते. पण हे सगळे शब्द प्रकाश आणि उष्णता मोजतात, आणि त्वचेची खरी मोडतोड करणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि कातडीला जाणवतही नाहीत. फेब्रुवारीतल्या सुखद दुपारी, गार वाऱ्यात, स्नेहसंमेलनाच्या कवायतीचा सराव घेताना मला कधीच ऊन 'लागले' नाही. चेहऱ्यावर त्याची नोंद मात्र होत राहिली.

याच मैदानावर मी मुलींना दरवर्षी एक गंमत दाखवत असे. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, बरोबर डोक्यावर येतो. जुलैतला दिवस बहुधा ढगांत हरवतो. मेमधल्या दिवशी मात्र उन्हाळी शिबिरात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, आम्ही खो-खोच्या खांबाभोवती गोल करून उभ्या राहत असू. खांबाची सावली आखूड होत होत बुंध्याशी गोळा व्हायची आणि नाहीशी व्हायची. मुली टाळ्या वाजवायच्या. आज मला त्या टाळ्या आठवतात आणि वाईट वाटते, कारण वर्षातल्या सर्वांत सरळ उन्हात मी त्या सगळ्यांना उघड्या डोक्याने पंधरा-वीस मिनिटे उभे केलेले असे. अतिनील किरणांचा जो निर्देशांक जागतिक पातळीवर वापरतात, त्यात ३पासून पुढे संरक्षण घ्यावे असे सांगितलेले आहे आणि ११पासून पुढची पायरी सर्वांत वरची, अतितीव्र. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी पुण्यात तो आकडा ११च्या वर जातो. निर्देशांक ठाऊक नसला तरी खांब पुरेसा होता: ज्या वेळी आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळी उघड्यावर थांबू नये, हा साधा नियम त्या खांबाकडे बघून एखाद्या पाचवीतल्या मुलीलाही कळला असता.

त्वचेत नेमके काय बिघडते, हे मला डॉक्टरांनी दोन-तीन भेटींत समजावले. अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात. आखूड लांबीचे, साधारण २८० ते ३२० नॅनोमीटरचे 'बी' किरण त्वचेच्या वरच्या थरात अडतात, तिथे पेशींमधल्या डीएनएला इजा करतात आणि त्वचा भाजून काढतात. ३२० ते ४०० नॅनोमीटरचे 'ए' किरण अधिक खोल, जिथे त्वचेला घट्ट धरणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन आणि लवचिक तंतू यांची वीण असते तिथवर जातात. तिथे ऊन पडले की कोलॅजेन तोडणारी विकरे जागी होतात, नवे कोलॅजेन कमी तयार होते आणि लवचिक तंतूंचा विस्कटलेला गुंता साचत जातो. जाडसरपणा, सैलपणा, सुरकुत्या हे सगळे या खालच्या मजल्यावरचे काम आहे. 'बी' किरणांना साधी काच बरीचशी अडवते, 'ए' किरण मात्र तिच्यातून आत येतात. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र छापून आले होते. २८ वर्षे गाडी चालवताना त्याच्या डाव्या गालावर खिडकीतून ऊन येत राहिले होते, आणि एकाच चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे एखाद्या जुन्या एसटी चालकाचा उजवा गाल नीट पाहिला, तर हीच गोष्ट दिसण्याचा संभव आहे.

रंगाची गोष्ट मला सर्वांत हृद्य वाटली. त्वचेतले मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे जमते, म्हणजे वरून येणाऱ्या किरणांपासून आतल्या डीएनएला सावली मिळावी. आपण ज्याला रापणे म्हणतो, ते असे छत्री उघडणे आहे. ज्या त्वचेला लहानपणापासून आपण 'काळवंडली' म्हणून हिणवले, ती आपल्याच पेशी झाकत होती. भारतीय त्वचेत हे रंगद्रव्य मुळात भरपूर असल्याने गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्यात त्वचेचा कर्करोग कमी आढळतो. तो होतच नाही असे मात्र नाही. जो व्रण काही आठवडे भरत नाही, ज्यातून रक्त येते किंवा जो तीळ आकार-रंग बदलतो, तो दाखवलाच पाहिजे. पण याच मुबलक रंगद्रव्याची दुसरी बाजू अशी की, आपल्या त्वचेला थोडेही डिवचले, मग ते उन्हाने असो, पुरळाने असो की उपचारानेच असो, तर ती डाग ठेवूनच शांत होते. गालांवर आणि कपाळावर जे वांग येते, त्यात ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता तिघांचाही वाटा असतो, आणि ते अतिनील किरणांनीच काय, दिसणाऱ्या प्रकाशानेसुद्धा वाढते.

हे सगळे कळण्याआधी मी दोन चुका केल्या होत्या, आणि त्या सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्या मी एकटीने केलेल्या नाहीत.

पहिली लिंबाची. डाळीचे पीठ आणि साय यांनी माझे कधी काही बिघडले नाही; त्यांनी डाग गेले नाहीत, इतकेच. पण चाळिशीच्या आसपास कोणीतरी सांगितले म्हणून मी स्पर्धेच्या दिवशी सकाळी चेहऱ्यावर लिंबाचा रस चोळला, घाईत अर्धवट धुतला आणि दिवसभर मैदानावर उभी राहिले. लिंबूवर्गीय फळांत असे काही घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन पडले, तर त्वचा भाजल्यासारखी होते. रसाचा एक ओघळ कानाजवळून जबड्यावर उतरला असणार, कारण दुसऱ्या दिवशी बरोबर त्या वाटेने लाल चट्टा उठला, त्याचा तपकिरी पट्टा झाला आणि तो पुढे कित्येक महिने माझ्या गालावर ओघळाच्याच आकारात राहिला.

दुसरी चूक मोठी. एका सहकारी बाईंनी मला औषधाच्या दुकानात सहज मिळणारी एक ट्यूब सुचवली. चिठ्ठी कोणी मागितली नाही आणि मीही ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचले नाही. दहा दिवसांत चेहरा उजळला. भाच्याच्या लग्नात सगळ्या बायका म्हणाल्या, "किती उजळलीस गं!" हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि त्याची चटक लागली, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. जवळजवळ तीन वर्षे मी ते मलम लावत राहिले. एक-दोन दिवस खंड पडला की चेहऱ्याची आग व्हायची, गाल लाल व्हायचे, हनुवटीवर बारीक फोड यायचे. पुन्हा लावले की शांत व्हायचे. म्हणजे औषध लागू पडते आहे, असाच अर्थ मी काढला. डॉक्टरांनी तो उलटा करून दाखवला. त्या ट्यूबमध्ये रंग फिकट करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे तीन घटक होते. या प्रकारच्या मिश्रणाची मूळ कल्पना १९७५ सालची आहे आणि वांगासाठी, मोजक्या आठवड्यांपुरते, देखरेखीखाली ते आजही उपयोगी पडते. पण मोमेटासोन हे स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध आहे. चेहऱ्याची नाजूक त्वचा त्याने महिनोन्महिने पातळ होत जाते, शिरा दिसू लागतात, नको तिथे लव वाढते आणि थांबवल्यावर त्वचा अक्षरशः पेटते. स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळे नाव देण्याची वेळ आली, इतके हे आपल्याकडे घडते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा अनुसूचीत टाकली. मला राग याचा येतो की, मी ज्या गोष्टीसाठी गेले होते ती उन्हाने केलेली हानी होती, आणि मला जे विकले गेले ते गोरेपण होते. या दोन गोष्टी आपल्या मनात, जाहिरातींत आणि लग्नाच्या मांडवात इतक्या एकमेकींत मिसळल्या आहेत की, दुरुस्ती करायला निघालेली बाई कधी रंग खरवडायला लागते, ते तिलाही कळत नाही.

त्यामुळे माझा उपचार म्हणजे पहिले सहा महिने बिघडवलेले निस्तरणेच होते. मलम एकदम न तोडता कमी करत आणले. मधल्या काळात आग शमवायला डॉक्टरांनी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम दिले, आणि बाकी फक्त तीन गोष्टी: फेस न होणारे सौम्य क्लेन्झर, साधे, वासविरहित मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन. डाग घालवायचे काही का देत नाही, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भिंत ओली आहे काकू, आत्ताच रंग कशाला लावायचा?"

सनस्क्रीन हे उपचारात धरायचे, हे मला पटायला वेळ लागला. मला ते रेनकोटसारखे वाटे: पुढचे भिजणे टळेल, झालेले कसे सुकेल? पण त्वचा सतत आपली डागडुजी करत असते. रोज नवी मोडतोड होत राहिली, तर ती डागडुजी कधीच पुरी पडत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावी १९९२ ते १९९६ या काळात लोकांना दोन गटांत विभागून एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, दुसऱ्याने आपल्या मर्जीने वापरावे असे ठरले. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत उन्हाने येणारे वार्धक्य २४ टक्के कमी आढळले. त्या सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा, १५च्या आसपासच होता. मुख्य मुद्दा 'रोज' या शब्दात आहे, आणि दुसरा मुद्दा मापात. बाटलीवरचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. आपण बहुतेक जणी त्याच्या निम्मेही लावत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट या दोन बोटांच्या लांबीच्या दोन रेघा लागतात. पहिल्यांदा त्या काढल्या तेव्हा आठवड्याचे सनस्क्रीन एका दिवसात संपवल्यासारखे वाटले. एसपीएफ ३० 'बी' किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० सुमारे ९८. तेव्हा ५०च्या वरच्या आकड्यांसाठी पैसे मोजण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावणे अधिक कामाचे. माझ्यासारख्या वांग असलेल्यांसाठी थोडी तपकिरी झाक असलेले सनस्क्रीन चांगले, कारण ती झाक आयर्न ऑक्साइडची असते आणि दिसणारा प्रकाशही ते काही प्रमाणात अडवते.

सहा महिन्यांनी डाग फिकट करणारे अॅझेलाइक अॅसिड आले आणि त्यानंतर, आठवड्यातून फक्त दोन रात्री, ट्रेटिनॉइन. माझ्या जुन्या ट्यूबमधलाच हा एक घटक, पण आता एकटा, ०.०२५ टक्क्यांचा आणि हिशेबाने. 'अ' जीवनसत्त्वापासून आलेले हे औषध आधी मुरुमांसाठी होते. वयस्क रुग्णांच्या त्वचेत उन्हाचे परिणामही त्याने कमी होतात, हे पेनसिल्व्हेनियातल्या अॅल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ साली मांडले. याच माणसाने त्याआधी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले होते, हे वाचल्यापासून ती ट्यूब हातात घेताना मला ते कैदी आठवतात, आणि आठवावेत असेच मला वाटते. १९९३च्या एका अभ्यासात दहा-बारा महिन्यांच्या वापरानंतर नव्या कोलॅजेनच्या निर्मितीत ८० टक्के वाढ दिसली होती. गर्भवतींनी ते वापरायचे नसते, उजेडात ते निकामी होते म्हणून रात्रीच लावायचे, आणि पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढेच. पहिले दीड महिना नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोलवटले. तेव्हा थांबायचे, मॉइश्चरायझरवर राहायचे आणि पुन्हा सुरू करायचे, असे चालले. मैदानावर ताणलेल्या स्नायूला जसा आम्ही आराम देतो, तसेच.

लेझरबद्दल मी विचारले होते. डॉक्टरांनी ते नाकारले नाही, पण वांगावर लेझर केल्याने आपल्या रंगाच्या त्वचेत डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परतण्याचा धोका असतो आणि माझी त्वचा आधीच एकदा पोळली आहे, असे सांगितले. मी तो विषय तिथेच सोडला.

स्कार्फविषयी मात्र थोडे लिहिलेच पाहिजे. दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळलेल्या पुण्यातल्या मुलींची बाहेरून येणारे लोक थट्टा करतात. मला तो या शहराने स्वतःच शोधलेला चांगला उपाय वाटतो. फक्त कापड बघून घ्यावे. पातळ, पांढरे, विरळ विणीचे सुती कापड फार थोडे किरण अडवते, आणि घामाने भिजले की त्याहूनही कमी. तुळशीबागेत स्कार्फ घेताना मी आता तो दुकानातल्या दिव्यासमोर धरते. दिवा स्पष्ट दिसला तर परत ठेवते. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घेते. आणि डोळ्यांभोवतीची जी पट्टी उघडी राहते, तिथे सनस्क्रीन लावते.

आता दोन वर्षे होऊन गेली. गालांवरचा राखाडीपणा बराच ओसरला आहे, बारीक सुरकुत्या मऊ झाल्या आहेत, हात फिरवला तर त्वचा पूर्वीसारखी खरखरीत लागत नाही. खोल सुरकुत्या आहेत तिथेच आहेत. शिरा थोड्या कमी दिसतात, गेलेल्या नाहीत. वांग हिवाळ्यात फिकट होते आणि एप्रिलात पुन्हा डोके वर काढते. दर भेटीत डॉक्टर हात वर करायला सांगतात आणि आम्ही दोघी दंड आणि गाल शेजारी-शेजारी बघतो. अंतर कमी झाले आहे. ते पूर्ण मिटणार नाही, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितले होते.

गेल्या रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. एके काळची उत्तम धावपटू, आता एका शाळेत माझेच काम करते. "बाई, तुमचा चेहरा छान झालाय, काय लावता?" तिने विचारले. तिचे गाल लाल होते आणि ओठांच्या कडेला बारीक पुरळ होते. "तू काय लावतेस ते आधी आण," मी म्हणाले. तिने पर्समधून अर्धी पिळलेली ट्यूब काढली. मी माझे वाचायचे भिंग आणले, आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो आणि ट्यूबच्या घडीपाशी छापलेल्या ओळी एकेक अक्षर लावत वाचू लागलो. तिसऱ्या ओळीत मोमेटासोन होते. मी तिला सांगितले की आजच्या आज ते फेकून देऊ नकोस, आणि डॉक्टरांचा नंबर लावायला फोन हातात घेतला.